शीलीच्या नशिबाचं शेवटचं पान

...आन् ते शेवटचं पान फाडणाऱ्याले काय मिळालं असंल हो? चूल पेटवली का पुडी बांधली? माह्या लेकीचं नशीब होतं ना पुढं त्यात! हसू नका. तुम्हाले सांगते, मी सातवी शिकलेली आहो, माहा असल्या गोष्टीवर विश्वास नाही. पण...

पह्यलेपासून सांगते. बाळंतपणाच्या आधी मले करमत नव्हतं, म्हणून ह्यायनं वाचनालयातून एक कादंबरी आणून देल्ली. आमच्या बालाघाटच्या वाचनालयात मराठीचं कपाट एकच, तेही खिडकीपाशी, पावसाची झड थेट पुस्तकायवर! छप्पन्न साली राज्य बदललं, नागपूर तिकडं गेलं आन् आम्ही मध्यप्रदेशात राह्यलो, तवापासून नवं मराठी पुस्तक काही आलं नाही, मंग आहे तेच वाचून वाचून लोकायनं भुगा केला. ह्या पुस्तकाले ना नाव, ना लेखक. वरून खाकी पुठ्ठा आन् आकडा, एकशे बेचाळीस.

शीली झाली, सहावा दिवस आला. सटवाई येते ना लेकराचं नशीब लिहायले, तिच्यासाठी पाटावर कोरा कागद आन् लेखणी ठेवा लागते. आमच्या सासूबाईले अक्षर वाचता येत नाही. म्हणाल्या, "एवढ्याशा कागदात काय मावते व? पुरं पुस्तकच ठेवतो, लिहू दे तिले पोटभर!" आन् ठेवलं की एकशे बेचाळीस! वरून हळद, कुंकू, तांदूळ. मी पडल्या पडल्या ओरडली, "आत्याबाई, ते छापलेलं आहे!" त' म्हणे, "बरंच झालं, तिची मेहनत वाचली."

मी सातवी शिकलेली, माहा विश्वास नाही. पण सव्वा महिन्यानं वाचायले घेतलं त' काय हो... पह्यल्याच पानावर पोरीची माय मरते! माय म्हणजे कोण? मीच ना! सतराव्या पानावर पोरीले ताप, इकडं शीलीचं अंग तापलं. चाळीसाव्या पानावर जिन्यावरून पडते... आमच्या घरी जिना नाही, तरी मी ओट्याखाली गोधड्या अंथरून ठेवल्या. मंग लग्न, मंग नवरा टाकून जाते, मंग एक दिवस ती नदीवर जाते, घाटावर उभी राह्यते, पाण्याकडं पाह्यते, "आणि तिने"... संपलं! पुढं पानच नाही! तिनं काय केलं? उडी मारली? पाय धुतले? आन् आमची वैनगंगा घरापासून किती दूर आहे हो?

त्यात वाचनालयाची चिठ्ठी आली. तपासणी आहे, फाटकी पुस्तकं जमा करा, रद्दीत काढायची आहेत. रद्दीत! म्हणजे उद्या माह्या लेकीच्या नशिबात कोणी फुटाणे बांधून देईल! सासूबाई म्हणे, "नशीब कोणी वापस करते काय?" हे म्हणे, "त्या रजिस्टरात नाव माहं आहे, मी सरकारी नोकर!" मी कोणाचं ऐकू?

शेवटी शीलीले कडेवर घेऊन मीच गेली. वाचनालयात बाई आली म्हणताच सगळ्यायचे पेपर एकदम खाली, मंग एकदम वर. ग्रंथपाल गुणाकरराव नाकातून म्हणतात, "बाई, आठ महिने झाले. आन् हे कुंकू कशाचं?" म्हटलं, "काका, हिचा शेवट काय आहे तेवढा सांगा, आत्ताच ठेवते." "मी पुस्तकं सांभाळतो, वाचत नाही! पुरं असतं त' ठेवलं असतं कपाटात. फाटकं आहे, जाईल."

पेपराच्या मागून कचेरीतले जुने पेशकार भोजराजजी बोलले, "अरे बहनजी, हमने पढ़ा है। आखिर में साध्वी बन गई!" माह्या जिवात जीव आला. साध्वी त' साध्वी, जित्ती त' राहील! तरी खातरी करायले गोदाबाई मास्तरणीकडं गेली, त्यायनंही ते वाचलं होतं. त्या म्हणे, "साध्वी कायची? बुडाली ना व ते! मी दोन दिवस जेवली नाही."

"तुमच्या टायमाले शेवटचं पान होतं?"

"नाही व. पण अशा बाईले दुसरं काय असते?"

वापस जाऊन पेशकारायले विचारलं त' तेही म्हणे, "पन्ना तो नहीं था।" म्हणजे ज्याच्या मनात येईल त्यानं माह्या लेकीले बुडवावं? मुंडवावं? माहा विश्वास नाही हो, पण राग त' येते ना!

तपासणीच्या आदल्या दुपारी शीली झोपली, तशी मी ह्यायची दौत घेतली, टाक घेतला, चांगला कागद कापला, चिकटवायले कणकेची लई शिजवली. "आणि तिने"... पुढं सारं मोकळं होतं हो! आता वाटते, मास्तरीण करता आली असती. डॉक्टरीण करता आली असती. गाडीत बसवून कुठंही धाडता आली असती, कोण अडवत होतं? मी अर्धा घंटा टाक धरून बसली. काही सुचेना. दुसरं काही जगून पाह्यलंच नाही त' सुचंल कुठून? शेवटी छापल्यावाणी अक्षर काढून लिहिलं, "आणि तिने पाऊल मागे घेतले. घरी भात चुलीवर होता. ती लगबगीने परत गेली." आन् चिकटवलं.

दुसऱ्या दिवशी नेऊन देल्लं त' गुणाकररावायनं जन्मात पह्यल्यांदा पुस्तक उघडून वाचलं. चष्मा पुसला. म्हणाले, "बाई, हे मूळचंच पान दिसते. अगदी खरं वाटते."

आन् शिक्का मारून टाकला हो त्याच्यावर... आता तिले मास्तरीण करावं म्हटलं तरी खोडताही येत नाही.