ठिपकेवाली रोपं

चष्म्याच्या दुकानात माझ्या शेजारी बाप-लेक नंबराची वाट पाहत बसले होते.

“तू नव्हतीस ना, तेव्हा तुझ्या प्रयोगातली ठिपकेवाली रोपं मी उपटली. हिरवीगार तेवढी ठेवली.”

“बाबा! तांबेऱ्याची बुरशी मीच सोडली होती. ठिपकेवालीच तर जिंकली होती!”

“अंगभर डाग पडून?”

“त्यांच्यातल्या रिसेप्टर प्रथिनानं, म्हणजे पेशीतल्या पहारेकऱ्यानं, बुरशीचा चोर ओळखला. मग रोपानं चोर शिरलेल्या तेवढ्या पेशी स्वतःच मारल्या. चोराला जिवंत पेशीच लागतात, तो उपाशी मेला.”

“आणि हिरवी?”

“त्यांना चोराचा पत्ताच नाही. आठवड्यात तांबेऱ्यानं माखतील. उपटलेली टाकलीत कुठे?”

“फेकवेनात गं. मागच्या दारी लावली. काल नवी पानं फुटलीत.”

“त्यांवर ठिपके?”

“एकही नाही.”

“म्हणजे बुरशी पुढे सरकलीच नाही! उठा बाबा, आधी ती रोपं बघू. चष्मा उद्या.”