कुंभारआळीतली आवडी आणि धुंडिराजशास्त्र्यांचा निर्णय

नारायणाचं नाव घेऊन झालं. आता टाळ खाली ठेवा, पुढे सरकून बसा, आणि मागच्या खांबाला टेकलेल्या त्या काकांना कोणीतरी हळूच हलवा. पूर्वरंगात डोळे मिटलेले चालतात. आख्यानात नाही चालत.

मंडळी, एक प्रश्न विचारतो. आपल्या गल्लीतलं एखादं पोर वाया गेलं, की आपण काय म्हणतो? "रक्तातच आहे हो त्याच्या." आणि तेच पोर पुढे मोठं झालं, पेपरात फोटो आला, की काय म्हणतो? "आमच्या अंगाखांद्यावर वाढलाय तो." — हसताय? हसा. वाईट निघालं तर रक्त, चांगलं निघालं तर आपले खांदे! मग खरं काय समजायचं? माणूस जन्मताना तयार होऊन येतो, की नंतर त्याला कोणी तयार करतं? आणि हे कळल्याशिवाय एखाद्या लेकरावर शिक्का मारायचा अधिकार आपल्याला आहे का?

याच प्रश्नावर एका विद्वानाची कशी त्रेधा उडाली, ते ऐका.

दोनशे वर्षं झाली असतील. नदीकाठी पळसखोरं नावाचं गाव. गावात धुंडिराजशास्त्री. वय चोपन्न, पत्नी जाऊन बारा वर्षं झालेली, मूलबाळ नाही. घरात ते आणि पोथ्या. आणि हे शास्त्रीबुवा वीस वर्षं खपून एक ग्रंथ लिहीत होते — माणूस कसा होतो, कसा वाढतो, यावर.

त्यांनी सगळ्यांची मतं गोळा केली. वैद्य म्हणाले, चौथ्या महिन्यात गर्भाला हृदय फुटतं, आईच्या अंगात दोन काळजं होतात, म्हणून तिला डोहाळे लागतात. ते लिहिलं. बायका म्हणाल्या, पाचव्या दिवशी सटवाई येते आणि कपाळावर लिहून जाते. तेही लिहिलं. आणि मग स्वतःचं मत मांडलं, ठाशीव अक्षरात. काय मत? बीजामध्ये अख्खा माणूस आधीच असतो. मोहरीएवढा. हात, पाय, नाक, स्वभाव, सगळं. चोर असेल तर चोरी घेऊन, पंडित असेल तर पांडित्य घेऊन. पुढे वाढणं म्हणजे काय, तर तो नुसता फुगतो.

आता बघा, म्हणजे आमचे हे पेटीवाले जोशीबुवा मोहरीएवढे होते तेव्हाही पेटी घेऊनच बसलेले असणार. आणि तेव्हाही सूर थोडा चढाच लावत असणार. — रागावू नका जोशीबुवा, शास्त्र्यांचं मत सांगतोय, माझं नाही.

तर अशात एक गोष्ट घडली. मार्गशीर्षातल्या एका सकाळी दादजी कुंभाराची बायको ठकू नदीवर माती काढायला गेली. घाटाच्या पायरीवर फडक्यात गुंडाळलेली एक मुलगी. दोनतीन महिन्यांची. आजूबाजूला कोणी नाही. ठकूनं हाका मारल्या, थोडा वेळ वाट पाहिली, आणि मातीची पाटी तिथंच टाकून मुलगी घेऊन घरी आली. लग्नाला चौदा वर्षं झालेली, पाळणा हललेला नव्हता. दादजीनं पोरीकडे पाहिलं, बायकोच्या तोंडाकडे पाहिलं आणि एवढंच म्हणाला, "दूध कुणाकडनं आणू?"

पोरीचं नाव ठेवलं आवडी.

पण गाव म्हणजे गाव. आठ दिवसांत कुजबुज सुरू झाली. कुणाची असेल? कसल्या बीजाची असेल? उद्या आमच्या पोरांत खेळणार, परवा आमच्यातच लग्न करून येणार. कुंभारांच्या पंचांनी सुभानजी पाटलाकडे गाऱ्हाणं नेलं — पोरीला घाटाखालच्या मठात पाठवून द्या. पाटील माणूस चांगला, पण निर्णय घ्यायची वेळ आली की त्याला नेहमी दुसऱ्या कुणाची तरी आठवण व्हायची. तो म्हणाला, "शास्त्रीबुवांनी माणसावर ग्रंथ लिहिलाय. ते सांगतील तसं करू."

झालं. मारुतीच्या पारावर सभा भरली. शास्त्रीबुवा ग्रंथ घेऊन आले. उत्तर त्यांच्याजवळ तयारच होतं: बीज अज्ञात, म्हणून स्वभाव अज्ञात, म्हणून धोका, म्हणून मठ. त्यांनी घसा साफ केला, तेवढ्यात ठकू पुढे आली. पोर कडेवर. आवाज चढवला नाही, रडली नाही.

म्हणाली, "बुवा, येक इचारू? तुमी कदी पोर वाढताना बगितलंय का?"

शास्त्रीबुवा म्हणाले, "सर्व आचार्यांची मतं मी पाहिली आहेत."

"मतं न्हाई, बुवा. पोर."

मंडळी, प्रामाणिक विद्वानाची एक मोठी अडचण असते. त्याला खोटं बोलता येत नाही. शास्त्रीबुवांच्या मनात आलं, खरंच की. वीस वर्षं आपण माणसावर लिहिलं, आणि एक माणूस वाढताना पाहिला नाही. त्यांनी ग्रंथ मिटला. म्हणाले, "पाटील, मला एक वर्ष द्या. तोवर मुलगी इथेच राहू दे. मी रोज पाहीन आणि मग सांगेन."

दुसऱ्या दिवशी सकाळी संध्या आटोपून शास्त्रीबुवा कुंभारआळीत हजर. हातात बोरू, दौत, कागद. सोवळं मोडू नये म्हणून आपला पाट घरून आणलेला. अंगणात पोरीपासून दहा हात दूर पाट टाकून बसले. एका बाजूला चाक, एका बाजूला गाढवं, मध्ये फडक्यावर आवडी. गाव कुंपणापलीकडे उभं, तोंडाला पदर लावून. शास्त्रीबुवा रोज दोन आंघोळी करायचे. आळीत जाण्याआधी एक, घरी परत आल्यावर एक.

पहिल्या आठवड्यातलं टिपण ऐका. "उजेडाकडे पाहते. बोट दिल्यास घट्ट धरते. भूक लागल्यास रडते." पुढे लिहिलं, "हे सर्व बीजात होते." छान. मत शाबूत.

मग एके दिवशी ठकू तिला मांडीवर घेऊन काहीतरी बडबडत होती आणि आवडी हसली. शास्त्र्यांनी लिहिलं, "हास्य प्रकट झाले. बीजात होते." पण मनात शंका आली. चाक फिरतं तेव्हा ही हसत नाही. गाढव ओरडतं तेव्हा हसत नाही. ठकू बोलली की हसते. बीजातलं हसू ठकूची वाट का बघत बसलं होतं? त्यांनी दुसऱ्या दिवशी पाट दहा हातांवरून पाच हातांवर आणला. तिसऱ्या दिवशी, इकडेतिकडे कोणी बघत नाही असं पाहून, पोरीकडे बघून भुवया वर केल्या. एवढा गंभीर माणूस! आवडीनं त्यांच्याकडे एकटक पाहिलं. आणि तोंडभर हसली.

त्या दिवसाच्या कागदावर आधी लिहिलंय, "आज हसली." मग ते खोडलंय. वर लिहिलंय, "आज मला पाहून हसली."

मंडळी, त्या खोडलेल्या ओळीपाशी शास्त्रीबुवांचं शास्त्र पहिल्यांदा हललं. आणि घरी गेल्यावर ते आंघोळ करायची विसरले.

चैत्रात आवडी रांगायला लागली. पहिल्यांदा रांगत कुठे गेली असेल? सरळ पाटापाशी. शास्त्रीबुवा "अगं, अगं" म्हणेपर्यंत तिनं एक हात दौतीत घातला आणि दुसऱ्या हातानं पगडी ओढली. पगडी खाली, शाई धोतरावर. दादजी चाक सोडून धावत आला, हात जोडून म्हणाला, "बुवा, चुकी झाली. माफी करा." शास्त्रीबुवा पगडीकडे पाहतच नव्हते. ते म्हणाले, "दादजी, मघाशी ती गाढवाकडे निघाली होती. मध्येच थांबली. माझ्याकडे वळली. तिनं ठरवलं रे. पाहिलंस ना तू? तिनं ठरवलं."

पाट त्या दिवसापासून घरीच राहिला. बुवा जमिनीवर बसू लागले.

आता गावात आणखी एक विद्वान होते, नरहरपंत. कचेरीतून निवृत्त झालेले. ते एकदा मुद्दाम बघायला आले. म्हणाले, "शास्त्रीबुवा, तुमचं मत चुकतंय हे मी आधीच सांगितलं होतं. पोर म्हणजे ओली माती. आत काही नसतं. आपण दाबू तसा आकार येतो."

शास्त्रीबुवा विचारात पडले. ठकू तिथंच माती मळत होती. तिला हसू आवरेना.

नरहरपंत म्हणाले, "का गं, हसतेस का?"

"पंत, तुमी मातीचं बोललात म्हणून. माझं आख्खं आयुष्य मातीत गेलं. माती कशी असती सांगू का? चाकावर ठेवली की बसती. दाबली की दबती. राती फडकं टाकून ठेवली तर सकाळी तितंच असती." तिनं आवडीकडे बोट केलं. पोर एव्हाना मडकी भाजायच्या आव्याच्या राखेत पोचली होती. "ही बसती का? मी हिला घडवाया बसते आन् हीच मला दिवसभर नाचवती. चौदा वर्सांत मला गाणं म्हणता येत नव्हतं. हिनं शिकवलं. आता सांगा, माती कोण आन् कुंभार कोण?"

नरहरपंतांनी उपरणं झटकलं आणि निघाले. पण शास्त्रीबुवांना वाटलं, पंतांचं मतही तपासलं पाहिजे. न्याय तो न्याय. त्यांनी रोज सकाळी आवडीसमोर बसून स्पष्ट उच्चारात म्हणायला सुरुवात केली, "राम. राम. राम." एक दिवस नाही, दोन महिने. आळीतल्या सगळ्यांच्या तोंडी राम बसला. गाढवंही कान टवकारायची. आणि एका सकाळी आवडीनं ओठ हलवले. शास्त्रीबुवा पुढे झुकले. ठकू थांबली. दादजीनं चाक थांबवलं.

पोर म्हणाली, "हुर्र."

दादजी गाढव हाकताना काढायचा तो आवाज! पहिला शब्द! आळी हसून लोटपोट. दादजीला लाज वाटली आणि आनंद इतका झाला की तो घरात जाऊन एकटाच रडला. शास्त्रीबुवांनी मात्र शांतपणे लिहिलं, "प्रथम शब्द: हुर्र. बीजात नव्हता. मी शिकवला नाही. तिने स्वतः निवडला." आणि खाली आणखी एक ओळ: "निवड उत्तम. गाढव लगेच चालते. रामाला वेळ लागतो."

हो, मंडळी, असं लिहिलं. आणि रामाला ते आवडलं असणार, याची मला खात्री आहे.

वर्ष भरलं. पुन्हा मारुतीच्या पारावर सभा. पण एक काळजीची गोष्ट होती. आवडी वर्ष उलटून गेलं तरी चालत नव्हती. तिच्या वयाची पोरं धावत होती, ही भिंत धरून उभी राहायची आणि बसायची. पंच म्हणाले, "बघा, बीजातच खोट हाय." ठकू रात्रभर झोपली नव्हती. शास्त्र्यांचा पूर्वीचा ग्रंथ तिला ठाऊक होता. वर्षभर माया लावलेला माणूस सभेत पगडी घालून बसला की पुन्हा शास्त्री होतो, हेही तिला ठाऊक होतं. ती पोरीला पोटाशी धरून उभी राहिली.

पाटील म्हणाला, "सांगा बुवा. ही पुढं काय निघंल?"

शास्त्रीबुवा उठले. सगळं गाव कान देऊन. ते म्हणाले, "मला माहीत नाही."

पाटलाला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. "काय म्हणालात?"

"मला माहीत नाही, पाटील. वीस वर्षं मला वाटत होतं, माहीत आहे. मूल बियाणं आहे असं मी लिहिलं. पंत म्हणाले माती आहे. दोघेही चुकलो. बियाण्याला ओळख पटत नाही आणि माती आपली वाट आपण धरत नाही. काही ती घेऊन आली, काही या अंगणातून उचललं, आणि त्यातलं काय ठेवायचं ते तिचं तिनं ठरवलं. अजून ठरवते आहे. रोज. उद्या ती काय करेल हे सांगणारा ग्रंथ माझ्याजवळ नाही, आणि तुमच्यापैकी कोणाजवळ असेल तर त्यानं आणावा. चालत नाही म्हणता? न चालो. चालेल तेव्हा चालेल. जे आपल्याला माहीत नाही, त्याची शिक्षा लेकराला देता येत नाही. मुलगी ठकूकडे राहील. हा माझा निर्णय."

एक पंच म्हणाला, "आन् उद्या वाईट निघाली तर? जबाबदार कोण? हिला ना आजा, ना पणजा."

शास्त्रीबुवा पारावरून खाली उतरले. ठकूसमोर येऊन उभे राहिले आणि दोन्ही हात पुढे केले. ठकूनं पोर त्यांच्या हातात दिली. भर सभेत, सोवळंओवळं पाळणाऱ्या सगळ्या गावासमोर, त्यांनी तिला खांद्यावर घेतलं. म्हणाले, "आजा मी. नाव लिहून घ्या. धुंडिराज."

पाटलानं लिहून घेतलं.

तुम्हाला वाटत असेल, आता आवडी मोठी विदुषी झाली असेल. नाही हो. अठराव्या महिन्यात चालायला लागली आणि मग थांबायचं नाव नाही. मोठी झाली, कुंभारीण झाली. रांजण असे करायची की चार गावं न्यायला यायची. जराशी तापट. हसायची मोठ्यानं, आणि गायची त्याहून मोठ्यानं, सुरात नाही. चारचौघींसारखी, आणि तरी तिच्यासारखी तीच. तिच्या लग्नात शास्त्रीबुवा सत्तरीचे होते. त्यांचा तो ठाशीव अक्षरातला ग्रंथ कधीच पुरा झाला नाही. पाहुण्यांपैकी कोणीतरी विचारलं, "बुवा, वीस वर्षांचं काम फुकट गेलं, वाईट नाही वाटत?" बुवा तेव्हा मांडवात वऱ्हाडाला जिलबी वाढत होते. म्हणाले, "वाटेल हो, पण आज सवड नाही."

मंडळी, आता मी तुमच्याकडे वळतो. त्या खांबामागे लपू नका. तुमच्या घरी कोण आहे? "ढ आहे" म्हणून सोडून दिलेला नातू? "आजीवर गेलीय, हट्टी" म्हणून कोपऱ्यात बसवलेली मुलगी? की दहावीच्या मार्कांवरून ज्याचं अख्खं आयुष्य तुम्ही चहा पिता पिता ठरवून टाकलंत, तो पोरगा? शास्त्र्यांना वीस वर्षं लागली "मला माहीत नाही" म्हणायला. आपल्याला किती लागतील? हे तीन शब्द एकदा म्हणून बघा. जड आहेत. पण ते म्हटले की पोराच्या डोक्यावरचं ओझं उतरतं, आणि मग ते आपल्याकडे बघून हसतं.

उद्या सकाळी त्याला उपदेश करू नका. मोबाइल बाजूला ठेवा, जमिनीवर बसा आणि घटकाभर नुसतं बघा, ते काय करतंय. तुमच्या दारात नारायण रांगत असेल, तर तो कुठल्या बाजूनं येईल हे त्यानं अजून कोणालाच सांगितलेलं नाही.

टाळ उचला. हात जोडा. आणि आपापल्या घरातल्या सगळ्यात लहान माणसाचं नाव मनात घेऊन, एकदा मोठ्यानं त्या नारायणाचं नाव घ्या.