तू कोण

(दुपार. नवनाथ नाशिकच्या एका दवाखान्याच्या पॅसेजमध्ये, शेजारी लंकाबाई, कारखान्यात हात गेलेल्या बहिरूची बायको. त्याच कारखान्यातले कॉम्प्युटर सांभाळणारी तृप्ती वणीला घरी, लॅपटॉपसमोर. दोघं फोनवर.)

तृप्ती: नवनाथभाऊ, तुमच्या प्रेस शॉपमधल्या कॉम्प्युटरमध्ये शिरले मी. पण झेड ड्राइव्ह दिसत नाहीये.

नवनाथ: असं कसं मॅडम? सकाळी मुद्दाम चालू ठेवून आलो. रेकॉर्डिंगचं फोल्डर तसंच उघडं हाय.

तृप्ती: तुमच्या स्क्रीनवर असेल उघडं. मी घरून आलेय, एसएसएचने, म्हणजे लांबून जोडून, माझी डिजिटल चावी लावून. कॉम्प्युटरने मला आत घेतलं, पण पासवर्ड मी कुठे टाकलाच नाही. झेड म्हणजे सर्व्हरवरचं शेअर्ड फोल्डर. तो सर्व्हर मला नव्याने विचारतोय, तू कोण.

नवनाथ: मग सांगा ना, तृप्ती म्हणून.

तृप्ती: माझा हक्क साहेबांनी कालच काढला. शॉपमधून ते आता फक्त तुमच्या नावाने उघडतं. आणि पाच वाजता ठेकेदार येऊन त्या सर्व्हरची डिस्क पुसणार आहे. मेलमध्ये ‘नेहमीची साफसफाई’ असं लिहिलंय.

नवनाथ: परवाचं प्रेस मशीनसमोरच्या कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग त्यातच हाय ना?

तृप्ती: त्यातच. बहिरू कसा आहे?

नवनाथ: पडलाय. उजवा पंजा काढला. शुद्धीवर आल्यापासून एकदाच बोलला. हातमोजा कुठं ठेवला, विचारत होता.

लंकाबाई: भाऊ, तुम्ही यायच्या आधी कंपनीचा माणूस येऊन गेला. कागदावर यांचा आंगठा घेतला.

नवनाथ: कसला कागद?

लंकाबाई: वाचून दाखवलं त्यानं. मशीनची जाळी यांनीच काढली, असं लिव्हलंय. मी म्हणलं, हात नाय यांना. तर म्हणला, डावा चालतो.

नवनाथ: मॅडम, ऐकलं का?

तृप्ती: ऐकलं.

नवनाथ: हात वाचवणारी ती जाळी साहेबांनी काढायला लावली. माल निघत नव्हता लवकर. सगळ्यांसमोर सांगितलं. आता ज्याला विचारावं तो म्हणतो, मी तिकडं नव्हतोच.

तृप्ती: भाऊ, एक गोष्ट आधीच सांगते. तुमच्या नावाने फोल्डर उघडलं की नोंद होते. कोणी उघडलं, काय नेलं, सगळं. ती नोंद साहेबांच्या कॉम्प्युटरवर जाते. डिस्क पुसली तरी ती राहणार.

नवनाथ: म्हणजे नोकरी गेली.

तृप्ती: बहुतेक.

नवनाथ: आमच्या पोरीची, पायलची बारावी हाय यंदा.

तृप्ती: माहीत आहे मला. म्हणून तर विचारतेय.

नवनाथ: टाका. पासवर्ड लिहून घ्या.

तृप्ती: नको. मीच दिला होता तुम्हाला पहिल्या दिवशी. बदला, बदला म्हणून किती मागे लागले होते.

नवनाथ: राहूनच गेला. मग टाकून मोकळं व्हायचं ना. मला विचारलं कशाला?

तृप्ती: नाव तुमचं आहे.

नवनाथ: टाका म्हणतोय ना.

तृप्ती: टाकलं. घेतलं त्याने. दिसतंय आता फोल्डर. परवाची फाइल माझ्याकडे ओढून घेते. फोन ठेवू नका.

नवनाथ: नाय ठेवत.

तृप्ती: आली. सुरुवात बघितली. साहेब उभे आहेत, जाळीकडे बोट दाखवतायत. मेंटेनन्सचा मनोज पाना घेऊन ती खोलतोय. बहिरू मागे थांबलाय. पुढचं नाही बघितलं मी.

नवनाथ: नका बघू. युनियनच्या वकिलाला पाठवून द्या.

तृप्ती: पाठवतेय.

नवनाथ: मॅडम, ते माझं नाव आता तिथून निघायचं नाय ना? काही केलं तरी?

तृप्ती: नाही, भाऊ.

नवनाथ: बरं. सहज विचारलं. लंकाबाई, उठा, दोन घास खाऊन घ्या.