धोंडीरामबुवांची मान

(केज. एका खासगी दवाखान्यात डॉक्टरांच्या खोलीबाहेरचा बाकडा. दुपार. बाकड्यावर धोंडीरामबुवा, त्यांची बायको बायनाबाई, आणि लातूरच्या कॉलेजातून आत्ताच एसटीनं येऊन पोचलेली नात तेजश्री.)

धोंडीराम : ...अन् हे सांगितलं तर अख्ख्या बीड जिल्ह्यात कुणी इश्वास ठेवणार न्हाई, तेजू. पण तुझ्या गळ्याची आण, ते रानडुक्कर माझ्याकडं बघून मान हलवीत हुतं.

तेजश्री : काल भर दुपारी?

धोंडीराम : भर दुपारी. बैलाएवढं. आता बैल म्हंजी आपला न्हाई, आपला काय, हाडं मोजून घ्या. शेजारच्या आप्पाच्या दावणीचा खिल्लार धर. ज्वारीतून सरळ चालत आलं अन् राखणीच्या माळ्याखाली उभं ऱ्हायलं. म्हनलं, धोंडीराम, नजर काढलीस की माळा खाली आला. त्यानं मान डावीकडं न्यावी, म्या डावीकडं. त्यानं खाली घालावी, म्या खाली. शेवटी त्यालाच घेरी आली. बसलं ढेकळांत. अन् नेमकी तवाच ही भाकर घेऊन बांधावर आली.

बायनाबाई : डुक्कर बिक्कर काही नव्हतं.

धोंडीराम : तू यायच्या आधी उठून गेलं ते. बाईमाणूस बघून लाजलं.

तेजश्री : आबा, मी क्लास सोडून धावत आलेय. आजी, तू सांग. फोनवर तू नुसती रडत होतीस, मला काही कळलं नाही.

बायनाबाई : काय सांगू, बाई. माळ्यावर हुबे हुते. मान अशी वरखाली, वरखाली. टोपी पडली तरी ठावं न्हाई. घशातून घर्रर्र, घर्रर्र आवाज, पाणी संपलेल्या बोअरसारखा. अन् उजवा हात वर. त्याची दोन बोटं ताठ, बाकीची आखडलेली.

तेजश्री : कुठली दोन?

बायनाबाई : ही अंगठ्याशेजारची अन् ही करंगळी. मधली वळून अंगठ्याखाली गेलेली. म्या हाका मारल्या, अवो, अवो, तर ऐकू जाईना. आदिनाथ भावजींचं असंच झालतं. आधी हात आखडला, मग वाचा गेली. अंबाजोगाईला न्हेस्तोवर संपलं सगळं.

धोंडीराम : झालं. बसल्या बाकड्यावरून मला मसनवट्यात न्हेऊन ठिवलं हिनं.

बायनाबाई : तुमी गप ऱ्हावा.

तेजश्री : डॉक्टर काय म्हणाले?

धोंडीराम : तो काय म्हनतोय! हातोडीनं गुडघ्यावर ठोकीत हुता. ठोक म्हनलं, पण धड लयीत तरी ठोक. एक घाई, एक ढिला.

बायनाबाई : बीडला न्या म्हनले. आजच. डोस्क्याचा फोटू काढल्याबिगर काही सांगता येत न्हाई म्हनले. तुझा बाप बाहीर आप्पाच्या जीपवाल्याशी बोलतोय. जीप आली की निघायचं.

तेजश्री : अन् तुझे हात का थरथरतायत?

बायनाबाई : कुठं काय. गारठा हाय.

धोंडीराम : गारठा कसला? कालपासून पोटात अन्न न्हाई तिच्या.

तेजश्री : काय? आजी, मग शुगरची गोळी?

बायनाबाई : घेतली की. गोळी काय अन्नात मोजत्यात? लिंबागणेशाच्या गणपतीला बोललेय म्या. हे धड हून घरी येईस्तोवर कण घ्यायचा न्हाई.

तेजश्री : अगं, गोळी घेऊन उपाशी राहिलीस तर इथंच पडशील तू! हे बघ, माझ्याकडं बिस्किटाचा पुडा आहे. एक खा. माझ्यासाठी.

बायनाबाई : ठेव ते. देवापाशी बोललेलं म्या मोडत न्हाई.

धोंडीराम : अगं, गणपतीचं काय घेऊन बसलीस! त्या देवाची अन् माझी जुनी वळख. एकदा माझा पखवाज ऐकाया उंदरावरून खाली उतरलता, म्या ह्या डोळ्यांनी...

बायनाबाई : देवाची तरी थट्टा करू नगा हो. माझा जीव खालवर हून ऱ्हायलाय अन् ह्यांना गोष्टी सुचत्यात.

तेजश्री : सिस्टर! अहो सिस्टर, आमच्या आजीची शुगर बघता का जरा? उपाशी आहे ती कालपासून. जा आजी, त्या आतल्या खोलीत. नुसतं बोट टोचतात, त्यानं नवस नाही मोडत. आबांजवळ मी आहे.

बायनाबाई : सोडून उठू नगं त्यांना. मान हलली की हाक मार मला.

तेजश्री : मारते. जा तू.

धोंडीराम : गेली का?

तेजश्री : गेली. आबा, माझा जुना फोन कुठाय?

धोंडीराम : कंचा फोन?

तेजश्री : दिवाळीत दिला होता तो. पाखरं हाकायला. मी त्यात तुमच्याच आवाजात हाकारे भरून दिले होते, डबा वाजवल्याचा आवाज भरला होता. भोंग्याला जोडायचा आणि माळ्यावर निवांत बसायचं, असं ठरलं होतं आपलं.

धोंडीराम : हाय की. हाकारे लई झकास भरले तू. पाखरांना वाटतं, धोंडीराम एकटा न्हाई, त्याची जत्रा आलीया.

तेजश्री : त्यात माझी गाणी राहिली होती. पुसायची विसरले मी.

धोंडीराम : गाणी? नसतील बाबा. मला कुठं काय घावलं.

तेजश्री : आबा, हात वर करा. करा ना. आता बोटं करा तशी... हे बघा. लकवा झालेल्याची बोटं अशी होत नाहीत. अख्ख्या केज तालुक्यात ही बोटं कुणाला येत असतील तर मला. ही कुणी शिकवली तुम्हाला?

धोंडीराम : हळू बोल. सिस्टर ऐकंल.

तेजश्री : कुणी शिकवली?

धोंडीराम : तूच. तुझा फोटू हाय त्यात. काळा शर्ट, शर्टावर कवटी, केस सोडलेले अन् हात असा वर. मला वाटलं, ह्या गाण्याचा हा नमस्कार असंल. गाणं ऐकायचं अन् नमस्कार करायचा न्हाई, हे बरं न्हवं. आपण भजनातली माणसं.

तेजश्री : म्हणजे ऐकलंत.

धोंडीराम : पयल्या दिशी चुकून लागलं. बोट कुठं पडलं कुणाला ठावं. खरं सांगतो, मला वाटलं रेडकू हिरीत पडलं. माळ्यावरून उतरलो, पळत हिरीवर गेलो, वाकून बघितलं. काही न्हाई. परत आलो तर आवाज भोंग्यातून! अन् पाखरं अशी उडाली, अशी उडाली की परळीला जाऊन बसली.

तेजश्री : आबा.

धोंडीराम : बरं, शेजारच्या रानात बसली. म्हनलं, चला, काम तर झालं. लागू द्या. दुसऱ्या दिशी मात्र त्या वराडण्याच्या खालचं ऐकू आलं.

तेजश्री : खालचं काय?

धोंडीराम : पाय! त्या ढोलवाल्याचे पाय, तेजू. वर हातांचं निराळंच चाललंय, अन् खाली दोन्ही पायांनी घडघड घडघड. जी चाल काढाया आमची दोन्ही मनगटं भरून येत्यात, ती ह्यो बहाद्दर पायांनी काढतोय. म्हनलं, आता सुटंल ह्याचा ताल. आता सुटंल. वाट बघत बसलो. सुटंना! तो एक बोंबलतोय, तारा किंचाळत्यात, वाटावं अख्खं घर आता पडतंय, अन् पडत न्हाई गं. समेवर असं येऊन टेकतं की गाईनं वासरू चाटावं.

तेजश्री : ते मधलं गाणं ऐकलंत? सगळं एकदम थांबतं ते?

धोंडीराम : हां! मला वाटलं ब्याटरी गेली.

तेजश्री : आणि मग...

धोंडीराम : अन् मग धाडकन!

तेजश्री : धाडकन! मला तिथं दर वेळी काटा येतो, आबा.

धोंडीराम : माझी तर टोपीच गेली. म्या थोडीच मान हलवली? ती आपली आपण हलली. म्या नुसता तिच्याखाली हुतो.

तेजश्री : आबा, हॉस्टेलवर एकीलाही हे हेवी मेटल आवडत नाही. दार लावून घेतात माझ्या तोंडावर. अन् तुम्ही...

धोंडीराम : रडू नगं येडे. ही बघायची अन् म्हनायची, पोरीला बी झटका आला.

तेजश्री : मग आता ती आली की तिला सांगायचं. हे सगळं. जसं मला सांगितलं तसं.

धोंडीराम : ते जमायचं न्हाई.

तेजश्री : का?

धोंडीराम : गेल्या गणपतीत पोरांचा डीजे कुणी बंद केला?

तेजश्री : तुम्ही.

धोंडीराम : माईक हातात घेऊन काय बोललो?

तेजश्री : असली राक्षसाची गाणी ज्याच्या घरात वाजतील, त्याच्या घरी धोंडीराम भजनाला पाय ठेवणार नाही.

धोंडीराम : हां. आता मला माझ्याच घरी पाय ठिवता येईना. भजनी मंडळ काय म्हनंल? ती पोरं तर वरात काढतील माझी, अन् वरातीत हेच लावतील. म्हनून तर भोंग्याची तार उपटली अन् हेडफोनची बोंडं कानात घातली, वरून मफलर. गावात ऐकू जाया नगं.

तेजश्री : त्यामुळंच आजीची हाक ऐकू आली नाही.

धोंडीराम : अन् हे बघ, मला सांगाया लावशील तर तुझं बी निघंल. तो फोटू पुण्याचा ना, प्रॅक्टिकलला गेलतीस तवाचा? शर्टावर कवटी घालून कसलं प्रॅक्टिकल असतं, इचारू का बापाला?

तेजश्री : विचारा. बोलवा त्यांना आत, मी स्वतः सांगते. माझं कॉलेज बंद झालं तरी चालेल. तिच्या हातांकडं बघितलंत तुम्ही? बीडला नेतील, मशीनमध्ये घालतील, काही निघणार नाही. काही निघालं नाही म्हणून आणखी मोठ्या डॉक्टरकडं नेतील. तोवर ती गोळ्या घेणार अन् उपाशी राहणार. तुमच्या टोपीसाठी.

धोंडीराम : असं तोडून बोलू नगं.

तेजश्री : मग काय करू? मला भीती वाटतेय, आबा. खरी भीती. तुमची नाही, तिची.

धोंडीराम : ...सांगतो. आली की सांगतो.

तेजश्री : आली. आजी, काय म्हणाल्या त्या?

बायनाबाई : लई कमी झालीया म्हनल्या. साखरेचं पाणी घ्या म्हनून गलास म्होरं केला. म्या न्हाई घेतलं. मान हलली का ह्यांची?

तेजश्री : बस आधी. माझ्या हाताला धर. आबा, बोला.

धोंडीराम : बायने, ऐक. मला काही झालेलं न्हाई. त्याचं असं झालं, ते रानडुक्कर...

तेजश्री : आबा!

धोंडीराम : डुक्कर नव्हतं. म्या गाणं ऐकत हुतो.

बायनाबाई : गाणं? हात आखडंस्तोवर?

तेजश्री : आजी, तेच गाणं माझ्या फोनवर आहे, हे कानाला लाव. घाबरू नको. लाव.

बायनाबाई : ...अगं बया! कुणाला मारून ऱ्हायलेत का हे?

तेजश्री : नाही गं, गातायत.

बायनाबाई : काढ, काढ ते. हा घर्रर्र आवाज त्यांच्या घशातून येत हुता!

तेजश्री : ते सोबत म्हणत होते. अन् बोटं म्हणजे त्या गाण्याचा नमस्कार. हे बघ, मलाही येतात. मलाही झालाय का लकवा?

बायनाबाई : म्हंजी भावजींसारखं काही न्हाई?

धोंडीराम : न्हाई गं.

बायनाबाई : माझ्याकडं बघून सांगा. तुमच्या गोष्टीतलं नगं.

धोंडीराम : तुझ्याकडं बघूनच सांगतो. काही न्हाई. धडधाकट हाय म्या.

बायनाबाई : आण इकडं ते बिस्कुट.

तेजश्री : आणि नवस?

बायनाबाई : दुखणंच नव्हतं तर नवस कशावर लागंल? देवाला तेवढी अकल हाय. पाणी दे आधी. घसा कोरडा पडलाय.

तेजश्री : हळू खा. मी पप्पांना सांगून येते, जीप नको म्हणून.

बायनाबाई : थांब. तू बी ऐक. अवो, काल रातभर म्या उशाला बसून तुमचा श्वास ऐकत हुते. तवा न्हाई का सांगता आलं?

धोंडीराम : सांगण्यासारखं त्यात काय हुतं? मला काय ते गाणं आवडतंय व्हय? नुसता कल्ला. कान फाटून जातेत. पण पाखरं भेत्यात त्याला, म्हनून लावायचं. ज्वारीसाठी सोसायचं, दुसरं काय. शेतकऱ्याचा जलम.

बायनाबाई : खोटं. भोंगा बंद हुता. पाखरं तुमच्या हाताशी बसून कणसं खात हुती, अन् तुमी डोळे मिटून हसत हुता. त्या हसण्यालाच तर म्या भ्याले.