पाया पडणारा डॉक्टर

दादाचा दवाखाना बुडवला तो आमच्या वडलांनी, अण्णांनी, दुसऱ्या कुणी नाय. दादानं एमडी करून पडेगावला दवाखाना टाकला आणि कॉलेज सोडून घरी बसलेल्या मला नंबर पुकारायला बसवलं. अण्णा स्वतःच दारात खुर्ची टाकून बसले. पेशंट आला की विचारायचे, "कुणाचे तुम्ही? गाव कोणतं?" ओळख निघायचीच. मग आत हाक, "डॉक्टर, बाहेर ये, पाया पड!" की हा एमडी गळ्यात स्टेथोस्कोप घेऊन वाकायचा.

मी म्हटलं, "अण्णा, पेशंट आहेत ते."

"तू गप. कॉलेज सोडणाऱ्यानं संस्कार शिकवू नये."

एकदा अण्णांचे दोस्त रहीमचाचा आले. दादा आधी पाया पडला, मग तपासून म्हणाला, "चाचा, शुगर लई वाढलीय. गोड बंद, आणि ही गोळी रोज."

चाचा हसले. "बेटा, तुला मी नागडा पळताना बघितलंय. तू माझी मिठाई बंद करणार?"

चिठ्ठी टेबलावरच ठेवून गेले. पुढं शहरात क्रांती चौकातल्या अनोळखी डॉक्टरनं तीच गोळी दिली. ती मात्र चाचा रोज घेतात.

पडेगावात सगळेच ओळखीचे. वर्षभरात दवाखाना बंद झाला. दादा आता शेंद्र्याला एका कंपनीत डॉक्टर म्हणून नोकरी करतो.