संमोहनात बोललो, असं सांगा

विजयमाला : नाही हो, घड्याळ वगैरे काही हलवायचं नसतं. काळा पडदा नाही, मंत्र नाही. ही खुर्ची, तो पंखा आणि मी. बसा टेकून, सोमशेखर.

सोमशेखर : मग संमोहन करता कशानं ओ मॅडम? आमच्या शाळेत एक जादूगार आला हुता. त्यानं गणिताच्या गुरुजींना टेबलावर चढवून कोंबड्यागत आरवायला लावलं. पुढं वर्षभर पोरं फळ्यावर कोंबडा काढत हुती.

विजयमाला : इथे कुणी आरवत नाही. आज पहिला दिवस, आज बोलणंच जास्त. मी विचारीन, तुम्ही सांगाल. वेळ उरला तर शेवटी दहा मिनिटं डोळे मिटून बघू. फिट येते का कधी?

सोमशेखर : न्हाय.

विजयमाला : गोळ्या कुठल्या चालू आहेत?

सोमशेखर : बीपीची अर्धी. ती चहाबरोबर घेतो.

विजयमाला : पाण्याबरोबर का नाही?

सोमशेखर : तेच तर रडगाणं हाय. चहा उतरतो, ताक उतरतं, रश्शात बुडवलेली भाकरी उतरते. साधं पाणी घशाशी आलं की कुणीतरी आतनं कडी लावल्यागत होतं. गुदमरतो. सात महिने झाले.

गिरिजाबाई : चौदा किलो उतरलाय मॅडम. मी ह्याची थोरली बहीण. अक्कलकोटाकडनं आलीय, ह्याला हाताला धरून हितं आणायला. न्हायतर हा कुटला येतोय! शुक्रवार पेठेतलं भांड्याचं दुकान आन् हा. घशात दोनदा दुर्बीण घालून बघितली. काय न्हाय म्हणले. मनाचं हाय म्हणले.

विजयमाला : रिपोर्ट आणलेत, बरं केलंत. हे सुरू कधी झालं?

गिरिजाबाई : आमची अव्वा गेली त्याच आठवड्यात. लई केलं ह्यानं आईचं. दवाखान्यात अकरा दिवस उशाशी हाच. माझ्या सुनेचं बाळंतपण अडलेलं, मी पोचले तवा सगळं उरकलं हुतं. पण मठातलं तीर्थ मी लेकाकडनं धाडलं हुतं. ते ह्यानं शेवटी अव्वाच्या तोंडात घातलं. दोन चमचे.

सोमशेखर : अक्का, गप की जरा.

गिरिजाबाई : का म्हणून गप? नंतरच्या पूजेला सगळ्या पावण्यांना सांगितलं मी.

विजयमाला : गिरिजाबाई, थोडा वेळ बाहेर बसता का? ज्यांचा त्रास आहे त्यांच्याशी मी आधी एकट्याशी बोलते.

गिरिजाबाई : बसते की. पण खोदून विचारा मॅडम. लई आतल्या गाठीचा हाय. आन् तम्मा, धाकट्या, लाजू नको. डॉक्टरच हायत त्या.

(गिरिजाबाई बाहेर जातात. दार लागतं.)

सोमशेखर : एक विचारू? संमोहनात माणूस बडबडतो म्हणतात. पोटातलं सगळं भडाभडा बाहेर येतं.

विजयमाला : घाबरू नका. तुम्हाला माझा आवाज ऐकू येईल, खालच्या रिक्षांचे हॉर्नही ऐकू येतील. वाटेल तेव्हा डोळे उघडून उठून जाता येतं. जे सांगायचं नाही, ते तोंडातून जात नाही.

सोमशेखर : कितीबी खोल गेलं तरी?

विजयमाला : कितीही. हे ऐकून लोकांचा जीव भांड्यात पडतो. तुमचा चेहरा का उतरला?

सोमशेखर : मी त्याच्यासाठीच आलो हुतो ओ. अक्काला वाटतंय तिनं आणलं. मी म्हणलं, बरं हाय. आपण डोळे मिटायचे, ती शेजारी बसंल, आन् तोंड आपोआप बोलंल. म्हणजे मी बोललो असं होणार न्हाय.

विजयमाला : काय बोललं असतं तोंड?

सोमशेखर : दार नीट लागलंय नव्हं?

विजयमाला : लागलंय. सावकाश सांगा.

सोमशेखर : तीर्थ घातलं न्हाय मी.

विजयमाला : हं.

सोमशेखर : आतडं फुटलं हुतं तिचं. पाण्याचा थेंब द्यायचा न्हाय, डॉक्टरांनी बजावलेलं. अव्वा आपली कानडीतनं सारखं "नीर, नीर". पाणी दे, पाणी दे. तीर्थाची बाटली माझ्या खिशात. शेवटी मी ओरडलो तिच्यावर. गप पड की आता, म्हणलं. ती गप पडली. परत मागितलंच न्हाय. पहाटे गेली.

विजयमाला : डॉक्टरांनी सांगितलेलं तुम्ही पाळलंत.

सोमशेखर : ते मलाबी कळतंय. पण नर्सबाई म्हणल्या हुत्या, ओला कापूस ओठाला लावा, तेवढं चालतं. मी तेवढंबी केलं न्हाय. रागात हुतो, अकरा दिवसांचा जागा हुतो. आन् फोनवर अक्कानं पहिलं काय विचारलं? तीर्थ घातलंस का. मी म्हणलं, व्हय. किती, म्हणली. दोन चमचे, म्हणलं.

विजयमाला : आणि तेव्हापासून पाणी जात नाही.

सोमशेखर : तुम्हीच सांगा की तिला. संमोहनात बोलला, असं सांगा. तिला काय कळतंय.

विजयमाला : नाही सांगणार. तुम्ही टक्क जागे आहात, मी तसं कसं म्हणू? घशाचं मी बघते. सहा-सात बैठका लागतील, जास्तही लागतील, गुण येईलच असं लिहून देत नाही. बहिणीला सांगायचं की नाही, ते तुम्ही ठरवा. नाही सांगितलंत तरी उपचार करीन. इथलं बाहेर जात नाही.

सोमशेखर : सांगितल्यावर पाणी उतरंल?

विजयमाला : माहीत नाही.

सोमशेखर : बोलवा तिला.

विजयमाला : आजच? पुढच्या वेळी सांगितलंत तरी चालेल.

सोमशेखर : आज घरी गेलो तर मी परत येणार न्हाय मॅडम. माझं मला ठाऊक हाय.

विजयमाला : गिरिजाबाई, या आत.

गिरिजाबाई : झालं? लवकर झालं की. डोळे का लाल ह्याचे?

सोमशेखर : अक्का, बस. अव्वाला मी तीर्थ घातलं न्हाय. बाटली दुकानात वरच्या फळीवर हाय, बूचबी काढलेलं न्हाय. ती पाणी मागत हुती आन् मी तिच्यावर ओरडलो.

गिरिजाबाई : मॅडम, गुंगीत हाय का हा अजून?

विजयमाला : नाही. मी अजून काहीच सुरू केलेलं नाही.

गिरिजाबाई : दोन चमचे म्हणला हुतास की रे.

सोमशेखर : खोटं बोललो.

गिरिजाबाई : सगळ्या पावण्यांना सांगितलं की रे मी.

सोमशेखर : शिव्या दे, मार, कायतरी कर अक्का. अशी बसू नको.

गिरिजाबाई : मी पोचले न्हाय. तिचं तोंडसुदिक बघितलं न्हाय. रोज आडवी पडले की म्हणायची, मी नव्हते तर नव्हते, तम्मानं दोन चमचे घातलेत. तेवढ्यावर डोळा लागायचा माझा.

सोमशेखर : अक्का…

गिरिजाबाई : ऊठ. मॅडम, ह्याची पुढची तारीख लिहा. आन् त्याच्या खाली माझंबी नाव घाला.