चकचकीत की मॅट

वसई स्टेशनबाहेर भुईगावच्या बससाठी मी रांगेत होते. माझ्यापुढचं पन्नाशीचं जोडपं मोबाइलवर दोन बास गिटारचे फोटो पुन्हापुन्हा बघत होतं.

"अहो, नीट आठवा ना. आपल्या विघ्नेशची चकचकीत काळी होती की मॅट?"

"लतिका, मला दोन्ही सारख्याच दिसतात. दुकानदारही म्हणाला, फरक फक्त पॉलिशचा."

"त्याला बघताक्षणी कळेल. माझ्या हातून पडून दांडा मोडला, आणि घाबरून मी ती भंगारात देऊन टाकली. रविवारी पुण्याहून येईल तेव्हा तशीच घरात पाहिजे."

"जुना फोटो असेल की."

"चार आहेत. सगळ्यांत मी त्याचा चेहराच काढलाय."

"कार्यक्रमातला एखादा?"

"त्याच्या कार्यक्रमाला आपण कधी गेलो?"

"थांब, त्यालाच विचारतो."

"नको हो. आत्ता नको."

"हॅलो, विघ्नेश? अरे, तुझी बास मोडली. आईच्या हातून पडली, मग ती भंगारात गेली. आम्ही नवीन घेतोय. चकचकीत घेऊ की मॅट? हं. हो. बरं, चालेल."

"चिडला?"

"आधी विचारलं, खरंच भंगारात गेली? मग म्हणाला, एवढ्यात काही घेऊ नका. रविवारी तिघं मिळून दुकानात जाऊ, तो दोन्ही वाजवून दाखवणार आहे."

"आणि आपल्याला दोन्ही सारख्याच वाटल्या तर?"

"वाटू देत. ऐकायला तर जाऊ."